बॉल पडायच्या आधीची कमेंट

आमच्या ग्रुपवर भुताखेतांचा किस्सा आला की सगळ्यात आधी हसणारा इमोजी माझा असतो. त्यामुळे हे मी लिहायला बसलेय यावर माझाच विश्वास बसत नाहीये... पण त्या दुपारी लाइव्ह बघणारे सगळे साक्षीला आहेत. आणि खरं सांगू? हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो आणि हसूही येतं, दोन्ही एकदम.

मी प्रीती. बोर्ली पंचतनजवळचं आमचं गाव. दिवसभर मी पतपेढीत असते आणि उरलेल्या वेळात गावच्या टेनिस बॉल टीमचं फॅन पेज चालवते. पोस्टर, मीम, स्टिकर, मॅचचं लाइव्ह, सगळं माझ्याकडे. लाइव्हच्या चॅटमध्ये अर्धा तालुका जमलेला असतो, मुंबईत कामाला गेलेले, आखातात गेलेले, सगळे. कोणी चारोळ्या पाडतं, कोणी अंपायरच्या पोटावर घसरतं. नियम एकच आहे. लाइव्ह ग्राउंडच्या अर्धा मिनिट तरी मागे चालतं, म्हणून ग्राउंडवर बसलेल्यांनी निकाल आधी लिहायचा नाही. जो लिहितो त्याला आम्ही ‘गळका नळ’ म्हणतो, आणि मी त्याला ब्लॉक करते.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल, सुजितबद्दल सांगायलाच हवं. खाडीपलीकडे आगरदांड्याच्या बाजूला दरवर्षी जानेवारीत मोठी टूर्नामेंट भरते. ग्राउंड म्हणजे भात कापलेलं शेत, आणि लेग साइडच्या बांधापलीकडे वाल लावलेला. शेताच्या मालकाची अट आहे की बॉल थेट वालात गेला तर सिक्स नाही, आउट. पीक तुडवलं जातं ना! गेल्या वर्षी फायनलला शेवटच्या बॉलवर सुजितने अख्ख्या टूर्नामेंटमधला सगळ्यात लांब फटका मारला... तो सरळ वालात. याने आधी बॅट उंच केली, मग त्याला अट आठवली. त्या क्षणाचं त्याचं तोंड कोणीतरी कापून स्टिकर केलं.

ते स्टिकर तालुकाभर फिरलं. दूध नासलं, एसटी चुकली, परीक्षेत नापास झालं — पाठवा सुजितचं तोंड. आमच्या आत्याने तर गॅस संपल्यावर फॅमिली ग्रुपवर टाकलं, तो आपलाच भाचा आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. सुजित आधी हसला. मग ग्रुपमधून बाहेर पडला. मग त्याने बॅट माळ्यावर टाकली. मी पेजवरून ते स्टिकर काढायची आणि ते दुसरीकडून परत यायचं. वर्षभर माझा भाऊ खेळला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

यंदा एकाचा पाय मुरगळला, अकरावा माणूस मिळेना, म्हणून पोरांनी त्याला अक्षरशः उचलून टेम्पोत घातलं. दिघीहून फेरीबोटीने निघालो तरी हा टेम्पोतून खाली उतरला नाही. मी मनात एकच घोकत होते, जिंकू नका हवं तर, पण याची परत शोभा होऊ देऊ नका.

फायनलला आम्ही पोहोचलोच. मी कॉमेंट्रीच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसले होते, शेजारी माइकवर बाळूकाका. आमची बॅटिंग सुरू झाली आणि चॅटमध्ये ‘आपलाच माणूस’ नावाचा एक जण टपकला. फोटो नाही, नुसता राखाडी गोल. त्याने लिहिलं, “चौका.” मग चौका बसला. “डॉट.” डॉट गेला. लोक खवळले, गप ए गळक्या, प्रीतीताई याला हाकला! मी ब्लॉक करायला बोट नेलं आणि थांबले.

कारण बॉलर अजून रनअपच्या खुणेकडे पाठमोरा चालत होता, आणि स्क्रीनवर आलं, “कीपरचा कॅच.”

बॉलर वळला, धावला, बॉल टाकला. बॅटची कड लागली. कीपरचा कॅच!

हा लाइव्हच्या पुढे नव्हता हो... हा ग्राउंडच्या पुढे होता. मी मोबाइल बाळूकाकांसमोर धरला. पुढचे तीन-चार बॉल आम्ही दोघांनी मिळून बघितले, सगळे बरोबर. काकांनी माइक हाताने झाकला आणि हळूच म्हणाले, “इचार त्याला, हाय कुटं हा?”

मी विचारलं. उत्तर आलं, “बांधावर.”

बांधावर दोन बगळे होते. माणूस एकही नाही.

एव्हाना चॅट येडं झालं होतं. सुजित बॅटिंगला आला तसा त्याच्याच तोंडाच्या स्टिकरांचा पाऊस पडला. शेवटचा बॉल, दोन रन हवे, स्ट्राइकवर सुजित. समोरच्या कॅप्टनने मुद्दाम लेगचा फील्डर आत घेतला आणि वालाची बाजू मोकळी ठेवली. सगळ्यांना कळलं, बॉल पायावर येणार. मी चॅटकडे बघेना. वाईट आलं तर? मग बघितलंच.

“पुडचा मला पन न्हाय म्हाईत. बगूया.”

बॉल पायावरच आला. सुजितची बॅट मागे गेली, अख्खं ग्राउंड उभं राहिलं... आणि त्याने बॉल नुसता ढकलला! जमिनीवरून, हळूच, मोकळ्या जागेत. एक रन पळाला, वळला, दुसऱ्या रनसाठी त्याने स्वतःला ढेकळांत पोटावर झोकून दिलं. नॉट आउट! काका माइकवर काय ओरडले ते कोणालाच कळलं नाही. मी तर मोबाइल टाकून ग्राउंडवर धावले.

नंतर मी लाइव्हचं रेकॉर्डिंग कितीदा तरी चाळलं. ‘आपलाच माणूस’च्या कमेंट त्यात नाहीत. त्याला दिलेल्या शिव्या आहेत, जागच्या जागी, पण कोणाला दिल्यात ते दिसतच नाही. ग्रुपमधला एक इंजिनीअर म्हणतो चॅटच्या वेळेत काहीतरी घोळ असणार. असेल, पण मी लाइव्ह बघत नव्हते, मी शेतात बसले होते आणि बॉलर माझ्या डोळ्यांसमोर पाठमोरा चालत होता. त्या शेवटच्या कमेंटचा स्क्रीनशॉट मी तेव्हाच काढला होता, तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

येताना फेरीबोटीवर सुजित टेम्पोतून उतरून कठड्याशी उभा होता, कोपरं सोललेली, सगळ्या अंगाला माती. मी त्याला स्क्रीनशॉट दाखवला. त्याने तो दोनदा वाचला.

“मंग नंतर काय लिवलान त्यानं?”

“कायच नाय.”

तो खाडीच्या पाण्याकडे वळला. मग वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसला.

“म्हंजे बगीत व्हता.”