निर्मलासाठी केलेली चाल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुला सांगतेय.

पुण्यात मी ज्यांच्याकडे फ्रेंच शिकले, त्या सरांची ही गोष्ट. म्हणजे खरं तर माझीच. मी इथे ऑस्ट्रेलियात, गुंगालिनला, सरकारी ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर. कोविडच्या पहिल्या वर्षी सरांच्या पत्नी गेल्या, निर्मलाबाई. सर स्वतः पॉझिटिव्ह. त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. आणि बॉर्डर बंद, मी कुठली जाणार?

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "गातेस ना अजून? एका कवितेला चाल लावतोय." कित्येक शतकांपूर्वीची फ्रेंच कविता — म्हातारा नवरा रिकाम्या घरात बायकोला हाका मारतो, बस. मी म्हटलं, "सर, फ्रेंच कविता आणि पेटीवर?" तर म्हणाले, "अगं, शाँसाँ म्हणजे तरी काय, त्यांचं भावगीतच की!"

मग दर रविवारी शिकवणी. माझी दुपार, त्यांची सकाळ. फोन डब्याला टेकवून पेटी पुढ्यात घ्यायचे. बोलताना फ्रेंच माणूस शब्दाच्या शेवटचं जे अक्षर गिळून टाकतो, ते जुन्या कवितेत गावं लागतं. सर नेमके त्या अक्षरावर थांबायचे, सूर किंचित खाली आणायचे. दरवेळी तिथेच त्यांचा आवाज फुटायचा. चाल पुरी व्हायला चार महिने लागले. मागितलं एकच — "कुठे गायलीस तर सांग, ही चाल निर्मलासाठी केलीय. माझं नाव नको."

एवढंच. काय अवघड होतं गं त्यात?

दिवाळीला आमच्या मंडळाचा झूमवर कार्यक्रम होता. सरांना लिंक मीच पाठवली. गायले. बरं गायले, खोटं कशाला बोलू? सगळे टाळ्या वाजवत होते. निवेदन करणारी मृदुला म्हणाली, "अय्या, कसली भारी चाल! तुझीच का?"

इथे मी अडते — नेहमी इथेच अडते. नेट गेलं होतं म्हणू? प्रश्न नीट ऐकू आला नाही म्हणू? लख्ख ऐकू आला. सरांचा चौकोन खालच्या रांगेत दिसत होता. पांढरा सदरा, मागे बाईंचा हार घातलेला फोटो. आणि मी म्हणाले, "हो, माझीच. लॉकडाऊनमध्ये सुचली."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी तर टक्क उघड्या डोळ्यांनी प्यायले.

सर म्यूटवर होते. आता अनम्यूट होतील, बोलतील. नाही बोलले. चॅटमध्ये त्यांचा मेसेज आला. "चाल सुंदर आहे. अभिनंदन."

पुढच्या रविवारी फोन त्यांनीच केला. माझा घसा कसा आहे विचारलं, लेकाची चौकशी केली. पेटी काढली नाही. मी सॉरी म्हणायला तोंड उघडायचे आणि इथल्या हवेबद्दल बोलायचे. असे कितीतरी रविवार. बॉर्डर उघडली की जाऊ, पायांवर डोकं ठेवू — भित्री कुठली! फोनवर जीभ का उचलली नाही? दुसऱ्या लाटेत सर गेले.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलीचा मेसेज आला. "ताई, दिवाळीनंतर मी इथे राहायला आले, तेव्हापासून बाबा रोज सकाळी पेटीवर एकच गाणं वाजवायचे. कोणाचं म्हणून विचारलं तर सांगायचे, माझ्या विद्यार्थिनीची चाल आहे, ऑस्ट्रेलियात असते ती. तुमच्या चालीनेच बाबांना सावरलं. थँक यू."

मी तो मेसेज तीनदा वाचला. मग उत्तर लिहिलं, इथे थँक यूला सगळे देतात तेच — "नो वरीज."