अनुराधपुरात पंधरा मिनिटं

पासपोर्टच्या कागदावर सही करायच्या आधी आईनं वहीच्या पानावर चार वेळा सही करून बघितली. सत्तरी ओलांडल्यावर तिला पासपोर्ट लागेल, असं आमच्या घरात कुणाच्याही मनात आलं नव्हतं. तो लागला माझ्या लेकीमुळं. लेक पुण्यात नोकरी करते. तिनं आम्हां दोघींसाठी, म्हणजे माझ्यासाठी आणि स्वतःसाठी, बोटीची सहल ठरवली होती. चेन्नईहून बोट निघणार, श्रीलंकेच्या बंदरांना थांबत पाच दिवसांनी परत येणार. नंतर तिला रजा मिळेना. मग तीच म्हणाली, आजीला घेऊन जा.

आई पिंपळीला माझ्या भावाकडं राहते, मी बारामतीत. मी सांगायला गेले तेव्हा ती परसात मेथी निवडत होती. बोट, समुद्र, जेवण, कशाचंच तिला अप्रूप वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या लंकेत बोधिवृक्षाची फांदी हाय म्हंत्यात, तितं जाणार का आपुन?"

हे तिला तिच्या वडिलांनी सांगितलेलं. ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. सम्राटाच्या लेकीनं मूळ वृक्षाची फांदी समुद्रावरून लंकेत नेली आणि तिथं ती अजून हिरवी आहे, ही गोष्ट ते उसाच्या बांधावर बसून पोरांना सांगायचे. आई तेव्हा फार लहान होती. पुढं तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, मग कालव्याखालचा स्वतःचा एकर कसला, आम्हां दोघांना शिकवलं. एकदा गावातून बोधगयेला गाडी निघाली होती. आईची जागा ठरली होती, पिशवीही भरून ठेवली होती. मला सातवा महिना संपत आलेला आणि अचानक कळा सुरू झाल्या. गाडी गेली, आई दवाखान्यात माझ्या उशाशी राहिली. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मी मात्र तिचा प्रश्न ऐकला आणि लगेच म्हणाले, "जाणार. नक्की जाणार."

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे, इंदापूरच्या स्थानकावर. गाड्या वेळेवर लावायच्या, वेळेवर सोडायच्या, हेच माझं काम. त्यामुळं नियोजन मला जमतं असा माझा समज आहे. बोट सकाळी त्रिंकोमालीच्या बंदराला लागणार होती आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सगळ्यांनी परत यायचं होतं. अनुराधपूर तिथून सव्वादोन तासांवर. मी इंटरनेटवरून त्या जुन्या राजधानीची सगळी माहिती काढली. बोधिवृक्ष, पांढरा मोठा स्तूप, विटांचा स्तूप, ध्यानस्थ बुद्धाची मूर्ती, खडकातलं विहार, संग्रहालय. प्रत्येकाला मिनिटं वाटून इंग्रजीत यादी केली आणि तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. एवढ्या लांब जायचं तर काही सुटायला नको, असं मला वाटत होतं. बोधिवृक्षासमोर मी वीस मिनिटं लिहिली होती.

दौंडहून रेल्वेनं चेन्नईला गेलो आणि बोटीवर चढलो. बोटीवर आई शांत होती. रोज पहाटे उठून पांढरी साडी नेसून डेकवर खुर्चीत बसायची, पुटपुटत वंदना म्हणायची. बाकी लोक पोहायच्या तलावाकडं, नाचगाण्याकडं. तिला त्यांचा त्रास नव्हता आणि त्यांना तिचा.

त्रिंकोमालीला उतरायलाच उशीर झाला. कागदपत्रांची रांग होती. मी दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होते. बाहेर ठरवलेली गाडी उभी होती. ड्रायव्हर पन्नाशीचा तमिळ माणूस. तोडकं इंग्रजी बोलायचा आणि आईला अम्मा म्हणायचा. मी गाडीत बसल्याबसल्या त्याला कागद दाखवला. तो त्यानं दोनदा वाचला आणि म्हणाला, एवढं सगळं कशाला, दोन जागा नीट बघा, अम्माला बसू द्या. मला तो आळशी वाटला. मी सांगितलं, सगळं बघायचंय, आणि साडेतीनच्या आत धक्क्यावर परत यायचंय. तो म्हणाला, साडेचारला आलो तरी चालेल, रस्ता माझ्या पायाखालचा आहे. मी मानलं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते. गाडी लांब उभी करावी लागते, मग तपासणी, मग चपला काढून चालायचं. आईचे गुडघे दुखरे. मी तिचा दंड धरून चालत होते, म्हणजे खरं तर ओढत होते. वाटेत निळी कमळं विकणारी बाई बसली होती. आई थांबली, एकेक फूल हातात घेऊन बघू लागली. मी पुढं होऊन पाच-सहा फुलं उचलली आणि तिच्या हातात दिली.

पायऱ्या चढून वर गेल्यावर मात्र मीसुद्धा क्षणभर कागद विसरले. सोनेरी कठडा, त्याच्या आत उंच ओट्यावर तो वृक्ष, फांद्यांना टेकू दिलेले. खाली वाळूत बायका, म्हातारी माणसं, शाळेची मुलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले. आईची साडी त्यांच्यासारखीच. ती लांबून कुणी आलेली आहे असं वाटतच नव्हतं. तिनं फुलं वाहिली, मागं येऊन एका म्हातारीच्या शेजारी वाळूत बसली आणि डोळे मिटले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. शेजारची म्हातारी बाई वेगळ्या चालीत, पण तेच शब्द म्हणत होती. आईनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं आणि हसली. ती बाईही हसली. मग दोघी एकत्र म्हणू लागल्या. आईनं चाल बदलून तिची चाल धरली.

मी मागं उभी राहून फोटो काढत होते आणि मोबाइलवरची वेळ बघत होते.

थोड्या वेळानं त्या बाईनं खुणा करून आईला काहीतरी सांगितलं. ड्रायव्हर आमच्याबरोबर वर आला होता, त्यानं मला समजावलं. आता पूजा सुरू होणार आहे, ढोल वाजतील, नैवेद्य वर नेतील, तासाभराचं काम आहे, अम्माला बघू द्या. आईनं माझ्याकडं बघितलं. मागितलं काहीच नाही.

मी म्हणाले, "आई, उठ. अजून पाच ठिकाणं राह्यलीत."

ती म्हणाली, "जरा बसू दे की."

"बोट चुकली तर कुठं जायचं आपण? परक्या मुलखात?"

हे वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं. त्यात खरी भीती किती होती आणि कागदावरची यादी किती होती, हे मी नंतर अनेकदा मनात तपासून बघितलं. आई वाळूत दोन्ही हात टेकून उठली. शेजारच्या बाईनं तिला हात दिला. मी मोबाइल बघितला. ती बसल्यापासून पंधरा मिनिटं झाली होती. मी तर वीस दिली होती. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा मागं ढोल सुरू झाले. आई थांबली, वळली, पण खालून झाडाचा शेंडाच तेवढा दिसत होता.

पुढचं मी पार पाडलं. पांढऱ्या स्तूपाला आई माझ्यासोबत आली, प्रदक्षिणा घातली. तिथं मीच अर्धा तास रेंगाळले, कारण उजेड छान होता आणि फोटो चांगले येत होते. विटांच्या स्तूपापाशी आई म्हणाली, मी गाडीतच बसते, तू जाऊन ये. मूर्तीपाशीही तेच. संग्रहालय बंद निघालं. खडकातल्या विहाराला मी एकटी धावत जाऊन आले. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. त्यानं आईला एक शहाळं फोडून आणून दिलं. तिनं अर्धं पिऊन माझ्या हातात दिलं.

धक्क्यावर आम्ही साडेतीनच्याही आधी पोहोचलो. माझ्या नियोजनाचा मला अभिमान वाटला, तो साधारण दहा मिनिटं टिकला. बोटीवर पाणी भरायचं काम लांबलं होतं, म्हणून कुणाला वर सोडत नव्हते. पत्र्याच्या शेडमध्ये बसायला सांगितलं. ऊन पत्र्यातून उतरत होतं. एकेक करून बाकीचे प्रवासी आले, कुणी साडेचारला, कुणी पाचला, हातात पिशव्या, नारळ, मुखवटे. शेवटचं जोडपं साडेपाचला आलं. त्यांनाही आमच्याबरोबरच वर सोडलं. दोन तास आम्ही त्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आई हातातल्या रुमालानं वारा घेत होती. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दमलीस तू. लई पळालीस."

त्या रात्री जेवताना मी तिला विचारलं, नीट दर्शन झालं ना. तिनं सांगितलं, झालं की.

परत आल्यावर पौर्णिमेला पिंपळीच्या विहारात बायका जमल्या. मीही गेले होते. वंदना झाल्यावर सगळ्या आईभोवती बसल्या. त्यांच्यातलं कुणीच लंकेला गेलेलं नव्हतं. आई सांगू लागली. वाळू किती मऊ, लोक किती शांत, शेजारी बसलेली म्हातारी, तिची चाल. तिनं ती चाल म्हणूनही दाखवली. मग म्हणाली, "पूजा बघितली आमी. ढोल वाजवीत वर न्हेत्यात सगळं. पोरगी म्हणली, आई, तुला पायजे तेवढा येळ बस. मी तासभर बसले."

मी भिंतीला टेकून बसले होते. बायका माझ्याकडं वळून कौतुकानं बघू लागल्या. एकजण म्हणाली, अशी लेक पाहिजे. मी हसले. तिथंच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

त्यानंतर ते वाढतच गेलं. कुणाच्या बारशाला, कुणाच्या घरी पुस्तकवाचनाला, आईला बोलावून लंकेचं सांगायला लावायचे. वडगाव निंबाळकरहूनही एकदा बोलावणं आलं. ती पूजेचं वर्णन इतकं बारीक करायची की मला वाटे, तिनं ते खरंच पाहिलं असावं. ढोलांचा आवाज तर तिनं ऐकला होताच. प्रत्येक वेळी शेवटी माझं कौतुक यायचं. मी जायचं टाळू लागले.

आईची एक मैत्रीण आहे, तिच्याच वयाची, शेजारची. आम्ही तिला मावशी म्हणतो. एकदा ती इंदापूरला दवाखान्यात आली होती, तेव्हा ड्यूटी संपल्यावर मी तिला माझ्या गाडीतून पिंपळीला सोडायला निघाले. वाटेत तिनं पुन्हा तेच काढलं, तुझ्या आईचं भाग्य म्हणून. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. पंधरा मिनिटं, ढोल, शेडमधले दोन तास. सांगताना मला हलकं वाटत होतं. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, बरं केलंस सांगितलंस. तेवढंच.

पुढच्या रविवारी मी गेले तर आई बोलेना. चहा दिला, भाजी बांधून दिली, पण बोलेना. निघताना दाराशी म्हणाली, "मावशीला कशापायी सांगितलंस?"

मी म्हणाले, मला खोटं कौतुक सहन होत नव्हतं.

"तुजं कौतुक व्हय?" ती म्हणाली. "मी तुज्यासाठी सांगत हुते असं वाटलं तुला? आगं, मी सांगायला लागले की मला तितं बसल्यागत वाटायचं. आता न्हाय वाटत."

मी उंबऱ्यातच उभी राहिले.  एकदा तिला तिथून उठवलं होतं ते घाईपायी. दुसऱ्यांदा उठवलं ते माझं मन मोकळं करायला. पहिल्याची निदान मला लाज होती. दुसरं तर मी चांगलं काम केल्यासारखं केलं होतं.

मी तिची माफी मागितली. तिनं हात झटकला, गाडी हळू चालव म्हणाली आणि आत गेली.

मावशीनं आईखेरीज कुणाला काही सांगितलं नाही. तरी आईनं लंकेचं सांगणं बंद केलं. कुणी विचारलं की म्हणायची, लेकीला इचारा, ती हुती संगं. आणि बायका मला विचारायच्या. पहिल्या वेळी मी विषय बदलला. दुसऱ्या वेळी, विहारातच, सगळ्यांसमोर खरं सांगितलं. मी आईला उठवलं, असं म्हणाले.  एका तरुण सुनेनं विचारलं, मग ढोल? मी म्हणाले, ढोल आम्ही पायऱ्यांवरून ऐकले.

आई पुढच्या रांगेत बसली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. जरा वेळानं तिनं ती तिकडची चाल हळू आवाजात धरली, बायकांनी मागून म्हणायला सुरुवात केली, आणि मीही म्हणू लागले. मला ती चाल येत नव्हती. त्या वेळी मी फोटो काढत होते.