दशांशानंतरचा दुसरा अंक

काल ऑफिसात प्रिंटरमधून गरम कागद हातात आला आणि त्या वासानं मला तंजावरच्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नेलं.

निकालाचा प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी लिहिला होता. यादीत मला आणि वर्गातल्या तिरुवैयारुच्या कामाक्षीला सारखेच ८९.७ टक्के दिसत होते, म्हणून नावाच्या अक्षरक्रमानं पहिल्या क्रमांकाचं पदक तिला. माझे गुण जास्त आहेत, असं सांगायला गेले तर सर वर्गासमोर हसले. "पडद्यावर दिसतं तेच खरं, मुली. गणित पुन्हा शिक."

तो अपमान मी जपून ठेवला. बक्षीस समारंभानंतर प्राचार्य लॅब पाहायला आले, तेव्हा त्यांच्यादेखत मी प्रोग्रामला दशांशानंतर एकाऐवजी दोन अंक दाखवायला लावले. माझे ८९.७४, कामाक्षीचे ८९.६६.

"दिसतं तेच खरं ना, सर?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आठवलं की आजही मला गोड वाटतं.

कामाक्षी शेजारीच उभी होती. तिनं गळ्यातलं पदक काढून माझ्या हातात ठेवलं. "घे, तुझंच आहे," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सरांकडेच बघत होते.