ओढून घ्यायचं नाही

शुभांगी गेल्याचा फोन आला तेव्हा मी छावणीच्या बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करत होते. फोनवर तिचे मामा होते. ‘काहीही काय बोलता!’ म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले. हृदयाचा झटका… चाळिशी उलटते न उलटते तोच. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. असतील. आम्हालाही ती हवी होती. महिना उलटला तरी माझा राग ओसरलेला नाही, आणि ओसरावा असं मला वाटतही नाही.

आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी शाळेत शिकवायला लागले, ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रोबो बनवणारी इंजिनिअर झाली. तिचं काम ऐकायला पोरखेळ वाटायचं: रोबोच्या हातानं माणसाच्या हातात वस्तू द्यायची. आजारी, थकलेल्या माणसांना पाणी, औषध, चष्मा. ‘अगं, पकडणं सोपं असतं,’ ती म्हणायची, ‘सोडणं अवघड. लवकर सोडलं तर पडतं, उशिरा सोडलं तर झोंबाझोंबी.’

चाचणीसाठी तो यांत्रिक हात तिनं पुंडलिकनगरच्या घरी आणला, त्या दिवशी मी तिथंच होते. तिच्या आई, म्हणजे माई, गंगापूरकडच्या. लकव्यानं डावी बाजू गेलेली, उजवा हात थरथरता. यंत्रानं गोळीची वाटी पुढं केली. माईंनी तिच्याखाली तळवा धरला. झालं… दोघंही थांबले. माणसानं वस्तू ओढली की सोडायची, असं यंत्राला शिकवलेलं, आणि माई काही ओढेनात.

‘शुभे, हे देतंय का नुसतं दाखवतंय?’

‘माई, जरा ओढ ना.’

‘देणाऱ्याच्या हातातनं ओढून घ्यायचं? नाय बाई. तशी रीत नाय आपली.’

आणि ओढायचं म्हटलं तरी बोटांत जोर होता कुठं!

कारखान्यातल्या साहेबांचं म्हणणं, यंत्र बरोबर आहे, म्हाताऱ्यांना ओढायला शिकवा. शुभांगीनं भर बैठकीत सांगितलं, ‘सर, माझी आई चुकत नाही. यंत्राला देता येत नाही.’ हे फटकळ बोलणं तिला नडलं. तिला दुसऱ्या कामावर बसवलं. पण हिनं हट्ट सोडला नाही, सुट्टीच्या दिवशी, घरीच राहिलेल्या त्या हाताशी झगडत राहिली. वाटी तळव्यावर टेकली, तिचं वजन तळव्यानं पेललं, की मगच यंत्राची बोटं सुटली पाहिजेत. वाट्या खणखणत पडायच्या. शेजारीण विचारायची, भांडी आपटून घासता का हो? शेवटी दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी माईंच्या तळव्यावर वाटी अलगद उतरली आणि ही बया घरभर नाचली.

शुभांगी गेल्यापासून शाळा सुटली की मी माईंकडेच असते. परवा तेच साहेब तो हात परत न्यायला आले. तो माईंना वाटी कशी देतो, ते त्यांनी नीट पाहिलं. शुभांगीची पद्धत नव्या यंत्रांत घेऊ, म्हणाले. फक्त एक गोष्ट काढायची. वाटी सोडल्यावरही तो हात लगेच मागं जात नाही, क्षणभर वाटीखाली थांबतो. ‘तेवढा वेळ फुकट जातो.’

फुकट! शुभांगी कुणाला काहीही देवो, समोरच्याची पकड बसेपर्यंत स्वतःचा हात खाली धरून ठेवायची. चहाचा कप देताना, माझी तान्ही लेक माझ्या मांडीवर परत ठेवतानाही. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात माई बोलल्या.

‘साहेब, यंत्र तुमचं हाय, खुशाल न्या. पण ते थांबणं माझ्या लेकीचं हाय. ते काढणार असाल तर यंत्रबी मिळायचं नाय.’

साहेब हात न घेताच गेले. पुन्हा येतील म्हणे. येऊ देत… आम्ही दोघी घरीच आहोत.