सूर्यमाळचा हंडा

काल जव्हारच्या घाटात गाडी तापली आणि कूलंटचा गोडसर, करपट वास आला. त्या वासानं मला थेट जवळच्याच सूर्यमाळ पठारावरच्या आभाळात नेलं.

वीसेक वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, हौशी वैमानिक नसीमभाईंनी घरी बांधलेल्या दोन सीटच्या विमानात मी मागे बसलो होतो. अचानक हाच वास आला, पायांवर गरम थेंब उडाले आणि तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला.

"जव्हारपर्यंत जाईल ना?" मी ओरडलो.

नसीमभाईंनी इंजिनच बंद केलं. "उंची आहे तोवर उतरायची जागा आपण निवडायची," ते म्हणाले. मग कानांत फक्त वारा. धडधडत आम्ही एका करपल्या माळावर उतरलो.

दरीतल्या झऱ्यावरून पाणी घेऊन निघालेली एक आजी वाफाळत्या इंजिनाकडे बघत जवळ आली. तिनं डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. "तुमचं इमान तहानलंय काय? पाजा त्याला."

नसीमभाई ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यांनी हंडा उचलून पुन्हा तिच्या डोक्यावर दिला. "इंजिनाला घाई नाय, आजी. हे घरी ने."

कित्येक वर्षं मी ते उतरणंच रंगवून सांगायचो. काल रेडिएटरपाशी भरलेली बाटली घेऊन उभा होतो, तर डोळ्यांपुढे तो परत चढवलेला हंडाच येत राहिला.