रंग मास्तरीणबाई सांगायच्या

टेलरमास्तरांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नव्हता. आचाऱ्याला चव कळू नये, तशातली गत. पण उभा जन्म मशीनवर काढला आणि एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. कारण शेजारच्या स्टुलावर मास्तरीणबाई बसायच्या. कापड आलं की निमूट त्याच रंगाचं रीळ काढून मास्तरांच्या हातात ठेवायच्या. निमूट कसलं, तोंडाचा पट्टा चालूच असायचा, फक्त रंगाबद्दल अवाक्षर नाही.

म्हातारपणी मुलानं घर बांधलं, मागे पोहण्याचा छोटा तलाव केला. पाणी तपासायचं काम मास्तरांनी मागून घेतलं. सकाळी नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि नळी मास्तरीणबाईंच्या नाकासमोर धरायची. किटमधल्या कार्डावरच्या रंगीत चौकोनांपैकी मधला जुळला की पाणी चांगलं.

"बोला."

"एवढ्याशा नळीसाठी मला चहावरून उठवलंत?"

"रंग बोला."

"कार्डावरच्या मधल्या चौकोनासारखा. झालं समाधान? सोडा नातीला पाण्यात."

थंडी सरता सरता त्या गेल्या, आणि तलाव झाकलेलाच राहिला. उन्हाळ्यात नातीनं, चिमणीनं, हट्ट धरला तेव्हा मास्तरांनी एकट्यानंच थेंब टाकले, नळी उजेडात धरली आणि "ठीक आहे" म्हणून मोकळे झाले. संध्याकाळी चिमणीचे डोळे टोमॅटोसारखे लाल. मास्तरांना ते काही दिसलं नाही, भोकाड तेवढं ऐकू आलं.

सून वैतागली. "बाबा, ते किट जुनं झालंय. नवं आणू. तेही फसलं तर तलाव बुजवून फुलझाडं लावते, सांगून ठेवते."

तलाव बुजला तर सकाळी मास्तरांना काम काय उरणार?

सासरा-सून दोघं दुकानात गेले. दुकानदारानं तीन वस्तू पुढे ठेवल्या. पट्ट्या स्वस्त, पाण्यात बुडवून रंग बघायचा, पण डबी उघडी राहिली की दमट होऊन वाया. थेंबांचं किट भरवशाचं, मात्र बाटलीवरची तारीख बघून घ्यायचं आणि उन्हात ठेवायचं नाही. तिसरं मशीन, सरळ आकडाच दाखवतं.

"मशीनच घ्या, काका. रंग बघायची कटकटच नाही."

"थेंबच बरे," मास्तर घाईनं म्हणाले.

दुकानदारानं नमुन्याच्या पाण्यात थेंब टाकून नळी त्यांच्यापुढे धरली. "मग सांगा, यातला कोणता चौकोन?"

मास्तरांनी चष्मा पुसला. नळी तिरकी केली, सरळ केली. "मधला."

नळीतलं पाणी कार्डाच्या पार टोकाच्या चौकोनासारखं लालभडक होतं. सुनेनं नळीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"बाबा, चिमणीच्या लाल फ्रॉकला तुम्ही हिरव्या दोऱ्यानं टीप मारलीत. मी बावळट, फॅशन समजून मैत्रिणींना दाखवत फिरले. आई गेल्यानंतर शिवलेला ना तो?"

मास्तर बाटलीचं झाकण फिरवत राहिले. "ती होती तोवर अडलं नाही गं कधी."

सुनेनं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. बोलण्यात ती सासूच्या वरताण, तरी टोमणा मारला नाही. मग दुकानदाराकडे वळली. "थेंबांचंच द्या. तारीख ताजी बघून."

"ताई, मशीन जास्त सोपं पडेल."

"पडू दे. आमच्याकडे पाणी दोघांनी तपासायची पद्धत आहे."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नळी हलवली आणि ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेच्या नाकासमोर धरली.

"बोल."

"बाबा, कप हातात घेतलाय फक्त. घोटभर चहा तरी पिऊ द्याल?"

"रंग बोल."

तिनं एक डोळा मिटून नळी कार्डाला लावली. "मधल्याच्या एक घर पुढे. आज कुणी पाण्यात उतरायचं नाही. जा, औषध टाका."

चिमणीनं पाय आपटले. मास्तर औषधाचा डबा आणायला निघाले ते गालातल्या गालात हसत. चहावरून बोलणी खाऊन त्यांना किती दिवस झाले होते.