मिफ्ताहनं न ऐकलेला आवाज

मिसराता शहराच्या बाजारात कसबी कारागीर म्हणून उस्ता मिफ्ताहला मान होता, आणि तो मान त्याच्या डोक्यात गेला होता, हे आधीच सांगून टाकतो. दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, पण खरी बरकत पुसण्याच्या कामात. आमच्याकडे लग्नात बायकांच्या मांडवात परका पुरुष पाऊल टाकत नाही. मग मोकळ्या केसांनी नाचणाऱ्या लेकीसुनांचे फोटो असलेला लॅपटॉप विकायचा कसा? नुसतं डिलीट केलेलं कोणीही उकरून काढतो. मिफ्ताहचं सॉफ्टवेअर त्या जागेवर सात वेळा बोळा फिरवायचं, आणि जपायचं असेल ते पासवर्ड घालून कुलूपबंद करायचं. काम चालू असताना हा पठ्ठ्या स्क्रीन भिंतीकडे वळवायचा.

हजला जाऊन आलेली हाज्जा मब्रूका आली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती.

"बाळा, यात दोन फोल्डर आहेत, नुसत्या तारखांचे. एकात लेकीचं लग्न, ते साफ पूस." मग तिनं आवाज खाली आणला. "दुसऱ्यात आमच्या ह्यांचा आवाज आहे. लेक फराज बापाशी भांडून समुद्रापलीकडे गेला, तेव्हा 'तोंड बघणार नाही' म्हणाले होते. पण डोळे मिटण्याआधी त्याला माफ केलं रे. ते पेनड्राइव्हवर कुलूप घालून दे. पुतण्या तिकडे निघालाय. फराजनं एकट्यानं ऐकावं."

"झालंच समज."

"पुसण्याआधी जरा वाजवून बघ हं. माझा तारखांचा घोळ होतो. तू ऐकलंस तरी चालेल."

मिफ्ताहनं गिऱ्हाइकांकडे बघत छाती फुगवली. "हाज्जा, मिफ्ताह कुणाच्या घरात डोकावत नाही!"

"माशाल्ला!" गिऱ्हाइकं म्हणाली. कुठली तारीख पुसायची ते जाताना हाज्जानं सांगितलं, पण मिफ्ताहनं अर्ध्याच कानानं ऐकलं. पुन्हा विचारायला त्याला कमीपणा वाटला.

आठवड्यानं हाज्जा परत आली. ओरडली नाही, हेच वाईट. "फराजनं पेनड्राइव्ह उघडला," ती म्हणाली. "त्यात त्याची बहीण नाचतेय."

मिफ्ताहनं लॅपटॉप तीन तास उलथापालथा केला. आवाजाचा कणसुद्धा उरला नव्हता. काय चोख काम! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यातली गिऱ्हाइकं बघत होती, आणि वाजवून बघायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

"फराजला फोन लाव," हाज्जा म्हणाली. "बाबांनी माफ केलं असं मी सांगते, तर म्हणतो, आई, मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. परक्या माणसाचं पटेल त्याला."

फोन लागला. "उस्ता, खरं सांगा," पलीकडून फराज म्हणाला, "तुम्ही ऐकलंत का बाबांना?"

समोर हाज्जा मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. "हो," मिफ्ताह म्हणाला. "माफ केलं त्यांनी तुला. माझ्या कानांनी ऐकलं."

फराजनं लगेच विचारलं, "मला हाक काय मारली त्यांनी? घरातली हाक?"

मिफ्ताहला काय ठाऊक? "फराज," तो म्हणाला. "फराज बेटा, म्हणाले."



"बाबा मला घरात फराज म्हणतच नसत. आईनं तुम्हालाही पढवलं तर," फराज म्हणाला. "म्हणजे बाबांनी माफ केलंच नाही." फोन कट झाला.

"पटलं ना रे त्याला?" हाज्जानं विचारलं. मिफ्ताहला मान वर करवेना.